काच पडली दारात!

जूनच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येकाच्या गाडीचं काही ना काही बिघडतंच. आमच्या अठरा वर्षांच्या गाडीची डावी काच ‘खट्’ करून दारातच पडली. हँडल गोल गोल फिरतंय, काच ढिम्म! बाबा म्हणाले, ‘‘गॅरेजला दे.’’ मी म्हटलं, दोन ठिकाणी पेमेंट अडकलंय, घरीच उघडते. खरं कारण वेगळं होतं. लहानपणी बॉनेट उघडलं, की बाबा दादाला हाक मारायचे. मला फक्त टॉर्च धरायला.

तर मंडळी, शनिवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये ऑपरेशन सुरू. बाबा प्लास्टिकच्या खुर्चीत, सुपरवायझर.

आधी लपलेले स्क्रू शोधायचे. एक दार ओढायच्या हँडलमध्ये, एक लॉकच्या खाचेत. सगळ्यात डोकेखाऊ म्हणजे काच फिरवायचं हँडल. त्याला स्क्रूच दिसत नाही! मागे नालेच्या आकाराची तारेची क्लिप असते. फंडा असा, की हँडलमागे जुन्या कापडाची पट्टी घालायची आणि बूट चमकवल्यासारखी इकडून तिकडे ओढायची. कापड क्लिपच्या टोकाला अडकतं आणि क्लिप सुटते. सुटते म्हणजे उडते. माझी वीस मिनिटांनी शेजारच्यांच्या स्कूटरखाली सापडली.

मग कडेच्या प्लास्टिकच्या क्लिपा. स्क्रूड्रायव्हरला चिंधी गुंडाळून क्लिपच्या अगदी जवळून उचकटायचं. लांबून ओढलं तर क्लिप राहते पत्र्यात आणि पॅनलचा पुठ्ठा फाटतो. (माझा दोन ठिकाणी फाटला.) शेवटी पॅनल वर उचलायचं, ते काचेच्या फटीपाशी अडकवलेलं असतं. पॉवर विंडो असेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. आणि साइड एअरबॅगवाली गाडी असेल तर हा हट्टच नको, दारात सेन्सर असू शकतो.

आत काळ्या चिकट पट्टीने लावलेला प्लास्टिकचा कागद. मी तो टराटरा फाडणार, तेवढ्यात बाबा ओरडले, ‘‘अगं, तो लागतो!’’ काचेवरून ओघळलेलं पावसाचं पाणी दारात शिरतंच. ते तळाच्या भोकांतून बाहेर जातं आणि हा कागद त्याला तुमच्या पायाशी येऊ देत नाही. घाईतला मेकॅनिक तो फेकून देतो, मग मॅटला वास येतो म्हणून आपण कार परफ्यूम घेत बसतो.

आमची भोकं चिखलाने बुजली होती. चिखलात रुपयाचं एक नाणं आणि बाबांची सहा इंची स्टीलची पट्टी. ती हरवल्याबद्दल पाचवीत मी जाम बोलणी खाल्ली होती. बाबांनी पट्टी पुसली, न्याहाळली आणि काही न बोलता शर्टच्या खिशात ठेवली. नंतर चहा मात्र स्वतः करून आणला!

काचेची मशीन ठणठणीत होती. काच ज्या पन्हाळीत बसते, तिथलं रबर वाळून सुटलं होतं. नाना पेठेतून रबर आणि नव्या क्लिपा आणल्या. काच टेपने वर धरून पन्हाळीत बसवली. तेवढा वेळ टॉर्च बाबांच्या हातात.

संध्याकाळी त्यांनी काच तीनदा वर-खाली करून पाहिली.

‘‘एक स्क्रू उरलाय,’’ म्हणाले.

तो कुठला, हे आम्हाला अजून कळलेलं नाही.