नारळ देण्याआधी

पुणेरी पलटणच्या हातून एखादा सामना निसटला की ‘प्रशिक्षक बदला’ ही मागणी घड्याळ थांबायच्या आत सुरू होते. या आठवड्यात ती पुन्हा कानावर आली, आणि तीही गेल्या चार पर्वांत तीनदा अंतिम फेरी गाठलेल्या संघाबद्दल. मागणी करण्यात काही चूक नाही. व्यावसायिक संघाचा प्रशिक्षक पगार घेतो, त्याने जाब दिलाच पाहिजे. चीड येते ती त्यामागच्या पोकळ कारणांची. ‘यंदा हरलो’ आणि ‘फार वर्षं झाली त्यांना’ या दोन वाक्यांपलीकडे कोणी काही मांडतच नाही. पहिलं वाक्य निकालाचं आहे, दुसरं पंचांगाचं. प्रशिक्षकाच्या कामाबद्दल दोन्हींत अवाक्षर नाही. निवड समित्यांबद्दल या सदरात जो आग्रह मी नेहमी धरतो, तोच इथेही धरतो: माणसाला नारळ देण्याआधी नेमकं काय बिघडलं ते दाखवा.

आधी घडलेलं थोडक्यात. प्रो कबड्डी लीग 2014 मध्ये सुरू झाली, तेव्हापासून अकरा पर्वं बंगळुरू बुल्सने एकच प्रशिक्षक ठेवला, रणधीरसिंग सेहरावत. दुसऱ्या पर्वात अंतिम फेरी, सहाव्या पर्वात विजेतेपद आणि अकराव्या पर्वात, 2024 मध्ये, बावीस सामन्यांत दोन विजय आणि तळाचं बारावं स्थान. पुण्याने याच काळात प्रशिक्षक अनेकदा बदलले. बी. सी. रमेश 2017 मध्ये इथे होते, गेले, 2022 मध्ये परत आले. त्यांच्या हाताखाली संघ आधी उपविजेता आणि मग 1 मार्च 2024 रोजी हैदराबादला विजेता झाला, पण पुढच्याच पर्वात आठवा आला. त्यानंतर रमेश बंगळुरूला रणधीरसिंगांच्या जागी गेले आणि पुण्याने अजय ठाकूर यांना नेमलं. नारळ दिला की माणसाने स्वतःच वाट धरली, हा हिशेब सोडून देऊ. बाराव्या पर्वात ठाकूर यांचा संघ अंतिम फेरीत दबंग दिल्लीकडून 28-31 असा हरला.

आता पुण्याचे तीन अंतिम सामने शेजारी शेजारी मांडून पाहा. 2022 मध्ये जयपूरकडून 29-33, 2024 मध्ये हरियाणावर 28-25, 2025 मध्ये दिल्लीकडून 28-31. फरक चार, तीन आणि तीन गुणांचा. कबड्डीत एकाच चढाईत चार गुण येऊ शकतात, आणि हरियाणाविरुद्धच्या सामन्यात ते आलेही. मध्यंतराच्या थोडं आधी पंकज मोहितेने एका चढाईत चार गुण आणले आणि सामना तीन गुणांनी सुटला. त्या एका चढाईत हरियाणाच्या एखाद्या रक्षकाची पकड घट्ट बसली असती, तर ज्या रमेश यांना पुण्याने डोक्यावर घेतलं तेच ‘दोनदा अंतिम फेरीत हरलेले’ प्रशिक्षक ठरले असते. त्यांची तयारी तीच राहिली असती, संघबांधणी तीच, सरावाच्या वेळासुद्धा त्याच. 2022 च्या पराभवात पुण्याचे अस्लम इनामदार आणि मोहित गोयत दुखापतीमुळे मॅटवर नव्हते, हेही विसरू नये. अंतिम सामन्याचा निकाल करंडक कोणाकडे जायचा हे ठरवायला पुरेसा असतो, पण तीन गुणांच्या फरकावर एखाद्याची वर्षानुवर्षांची कामगिरी तोलता येत नाही. तोलायचीच असेल तर साखळीतले बावीस सामने बरे. 2023-24 च्या साखळीत पुण्याने सतरा जिंकले आणि फक्त दोन गमावले. तो पुरावा करंडकाहून भक्कम आहे.

यावर हुकमी आक्षेप असा, की बदलाने फायदा झालाच ना? पुणे आठव्या स्थानावरून अंतिम फेरीत गेलं, बंगळुरू तळातून उठून बाद फेरीत पोचलं. दोन्हीकडे नवा प्रशिक्षक, दोन्हीकडे सुधारणा. हे दिसतं तितकं सरळ नाही. बाराव्या स्थानावरच्या संघाला खाली जायला जागाच नसते, जाईल तर वरच. प्रशिक्षक बदलतात ते संघाचं सगळ्यात वाईट पर्व संपल्यावर, आणि सगळ्यात वाईटानंतर येणारं पर्व बहुधा थोडं बरं असतंच. अर्थशास्त्रज्ञ बास तेर वील यांनी नेदरलँड्सच्या फुटबॉल लीगमधल्या 1986 ते 2004 या काळातल्या नोंदी तपासल्या. घसरणीला लागल्यावर प्रशिक्षक बदललेले संघ आणि तशाच घसरणीत प्रशिक्षक न बदललेले संघ त्यांनी शेजारी ठेवले. सावरले दोन्ही, आणि बदल करणारे काही जास्त सावरले असं दिसलं नाही. फुटबॉल वेगळं, कबड्डी वेगळी, हे कबूल. पण घसरलेली गाडी रुळावर आलेली दिसली की श्रेय नव्या माणसाच्या नावावर टाकण्याची घाई दोन्हीकडे सारखीच आहे.

आणि श्रेयाचा हिशेब कबड्डीत तर फारच उशिरा लागतो. अस्लम इनामदार आणि मोहित गोयत ही पोरं पुण्याकडून पहिल्यांदा चमकली ती आठव्या पर्वात, तेव्हा प्रशिक्षक होते अनुप कुमार. त्या पर्वानंतर अनुप गेले. त्यांच्या वेळी मॅटवर उतरलेल्या मुलांना घेऊन रमेश यांनी दोन अंतिम फेऱ्या गाठल्या. रमेश यांच्या वेळी मुरलेल्या मुलांना घेऊन ठाकूर पहिल्याच वर्षी अंतिम फेरीत गेले. कोय एकाने लावायची आणि आंबे पुढच्याने उतरवायचे, असं हे चाललं आहे. यात रमेश किंवा ठाकूर यांचं कर्तृत्व कमी होत नाही. हाती आलेला चांगला संघ बिघडवणारे प्रशिक्षकही आपण पाहिले आहेत. मुद्दा इतकाच, की एका पर्वाचा निकाल त्या पर्वातल्या प्रशिक्षकाचा म्हणून मोजला तर माप चुकतं. पुण्याचं बरं हे झालं, की प्रशिक्षक बदलले तरी संघाचा कणा मालकांनी बराचसा राखला.

मग जो वर्षानुवर्षं टिकला त्याला कधीच हलवू नये का? नाही, तसं मी म्हणत नाही. बास्केटबॉलमध्ये ग्रेग पोपोविच यांचं उदाहरण हटकून दिलं जातं. 1996 मध्ये सॅन अँटोनियो स्पर्सची सूत्रं त्यांनी घेतली तेव्हा तो संघ एकूण 20 सामने जिंकला आणि 62 हरला. पुढच्या उन्हाळ्यात टिम डंकन मिळाला, 1999 मध्ये पहिलं विजेतेपद आलं आणि 2014 पर्यंत पाच झाली. धीर धरण्याचा हा धडा म्हणून सांगतात. पण त्याच पोपोविच यांच्या शेवटच्या सहा हंगामांत संघ एकदाही प्लेऑफमध्ये गेला नाही आणि तरी त्यांना कोणी हात लावला नाही. 2025 मध्ये ते बाजूला झाले ते प्रकृतीमुळे. दुसऱ्या टोकाला डेन्व्हर नगेट्स. 2023 मध्ये संघाला पहिलं विजेतेपद मिळवून देणाऱ्या मायकेल मलोन यांना त्यांनी एप्रिल 2025 मध्ये साखळीतले तीन सामने उरले असताना काढलं. दोन्ही उदाहरणांत वर्षांचा आकडा काही शिकवत नाही. पहिल्यात पुण्याई मोजली गेली, दुसऱ्यात घबराट.

मी मोजीन ती चूक आणि तिची पुनरावृत्ती. मॅटवरचा एक प्रसंग घ्या. समोरच्या संघाच्या दोन चढाया रिकाम्या गेल्या आहेत, तिसरी ‘करो या मरो’ची आहे. आपले तीनच रक्षक उरलेत. चढाईपटूला गुण आणावाच लागणार, नाहीतर तो बाद. म्हणजे निकड त्याची आहे. आपल्या कोपऱ्यातल्या रक्षकाने पाय रोवून थांबायचं, त्याला आत येऊ द्यायचं, तो वळला की झडप घालायची. पकड बसली तर तीन रक्षकांमुळे दोन गुण. इतकं साधं गणित, पण कोवळ्या पोराला राहवत नाही. तो आधीच घोट्यावर झेप घेतो, चढाईपटू वरून उडी मारतो, दोघेजण उरतात आणि थोड्या वेळात अख्खा संघ बाद होऊन लोण चढतो, त्याचे दोन गुण वेगळेच. ही चूक तिसऱ्या सामन्यात झाली तर ती त्या पोराची. अठराव्या सामन्यातही तोच कोपरा तशीच झेप घेत असेल तर ती प्रशिक्षकाची. आणि पुढच्या पर्वात त्या जागी नवा खेळाडू येऊन त्यानेही तेच केलं, तर संघमालकाने नवा प्रशिक्षक शोधायला लागावं. टाइमआउटच्या अर्ध्या मिनिटात जो माणूस खेळाडूंवर नुसता ओरडतो आणि जो एकाच खेळाडूला एकच सूचना देतो, यांच्यातला फरकही करंडकाच्या कपाटात दिसत नाही, तो बघावा लागतो.

या मापाने रणधीरसिंगांबाबतचा निर्णय मला योग्य वाटतो, पण एक वर्ष उशिरा झालेला. पवन सेहरावत त्यांच्या हाताखाली घडला आणि सहाव्या पर्वाचं विजेतेपद त्याच्या चढायांवर आलं, हे श्रेय त्यांच्याकडून कोणी काढून घेऊ शकत नाही. 2022 मध्ये पवन गेल्यावरही त्यांनी संघ उपांत्य फेरीत नेला. पण दहाव्या पर्वात आठवं स्थान आलं तेव्हाच दिसत होतं, की एका मोठ्या चढाईपटूभोवती संघ उभा करायचा हा साचा पवनशिवाय चालत नाही. तरी अकराव्या पर्वासाठी तोच साचा कायम राहिला. फक्त मधल्या जागी प्रदीप नरवाल आणला, तोही कारकिर्दीच्या उताराला. ऑगस्ट 2024 च्या मोठ्या लिलावाआधी बदल झाला असता तर नव्या माणसाला आपल्या पद्धतीचे खेळाडू निवडता आले असते. वर्षभर थांबल्याने बंगळुरूचं एक पर्व वाया गेलं आणि अकरा वर्षं राबलेल्या प्रशिक्षकाच्या नावापुढे शेवटची नोंद तळाच्या स्थानाची राहिली. त्याला वेळेवर मानाने निरोप देणं हेच त्याच्यावर उपकार ठरले असते.

रमेश यांच्याबाबत उलट बाजूने एक गोष्ट बोलली जाते, की त्यांचे संघ जिंकल्यावर लगेच घसरतात. 2019 मध्ये बंगाल वॉरियर्स जिंकलं, पुढच्या पर्वात बाद फेरीही नाही, पुण्याचंही तसंच. गोष्ट खरी आहे, पण अर्थ घाईचा आहे. बंगालच्या त्या दोन पर्वांमध्ये कोविडचा खंड आणि नवा लिलाव होता. पुण्याने 2 कोटी 35 लाखांना घेतलेला मोहम्मदरेझा शादलू अकराव्या पर्वात हरियाणाकडे गेला, आणि त्याच पर्वात हरियाणा बालेवाडीत विजेता झाला. अस्लम त्याच पर्वात जखमी झाला. या हरियाणाचे प्रशिक्षक मनप्रीतसिंग त्याआधी प्रशिक्षक म्हणून तीन अंतिम सामने हरले होते, दोन गुजरातचे प्रशिक्षक असताना आणि एक हरियाणाचे असताना, पुण्याविरुद्ध. तिसऱ्या पराभवानंतर हरियाणाने त्यांना ‘अंतिम फेरीत कच खाणारा’ म्हणून घरी पाठवलं असतं तर कोणाला नवल वाटलं नसतं. संघाने त्यांना ठेवलं, आणि चौथ्या अंतिम सामन्यात करंडक मिळाला.

या सगळ्या वादात एका प्रशिक्षकाचं नाव कधीच येत नाही, आणि लिहिता लिहिता मला तोच जास्त महत्त्वाचा वाटायला लागला आहे. लीगमध्ये येणारा मुलगा अठरा-वीस वर्षांचा असतो. ‘करो या मरो’त थांबायचं की झेपावायचं, ही सवय त्याच्या अंगात त्याआधीच भिनलेली असते. ती लावणारा माणूस बाणेरच्या सतेज संघात, सुवर्णयुगसारख्या मंडळात किंवा नगर, सांगली, रायगडच्या एखाद्या तालुक्याच्या मैदानावर संध्याकाळी शिट्टी घेऊन उभा असतो. त्याला ना कोणी नेमलेलं असतं, ना कोणी काढू शकतं. तो खऱ्या अर्थाने दीर्घकाळ सेवेत आहे आणि त्याच्या कामाचं मूल्यमापन कुठेच होत नाही. तो जुनंच शिकवत असेल, मातीतली पकड मॅटवर तशीच लावत असेल, तर त्याला नवं शिकवणारं शिबिर पाहिजे. तो उत्तम काम करत असेल तर त्याच्या मंडळाला पैसा पाहिजे. लीगचे प्रशिक्षक वर्षातले काही महिने मुलांना हाताळतात, हा माणूस दहा-दहा वर्षं हाताळतो.

फुटबॉलमध्ये यासाठी नियम आहे. खेळाडूची बदली मोठ्या रकमेला झाली की त्यातला पाच टक्के हिस्सा त्याला बाराव्या ते तेविसाव्या वर्षापर्यंत घडवलेल्या क्लबांत वाटला जातो. प्रो कबड्डी लीगने हाच नियम लिलावाला लावावा, आणि तो हिस्सा खेळाडूच्या रकमेतून न कापता संघमालकाने वर द्यावा. उदाहरणार्थ, चढाईपटू अजिंक्य पवारला अकराव्या पर्वात 1 कोटी 10 लाखांवर बोली लागली होती. पाच टक्के म्हणजे साडेपाच लाख रुपये, एका खेळाडूमागे, एका लिलावात. पुढच्या लिलावाच्या नियमावलीत हे कलम घालण्याची मागणी राज्य संघटनेने आत्ताच लेखी करावी. पुणेरी पलटणच्या मालकांनी तर नियमाची वाट न पाहता आपल्या संघातल्या मराठी खेळाडूंच्या मंडळांपासून सुरुवात करावी. ती मंडळं कोणती, हे त्यांच्याच खेळाडूंना विचारलं तरी कळेल.