नदीने राखलेला रणगाडा

१९४० साली फ्रान्स पडला, तेव्हा जर्मन रणगाडे अडविण्यासाठी इंग्लंडने नद्यांच्या काठी काँक्रीटचे ठोकळे उभारले. त्यांतील कित्येक आजही उभे आहेत. १९९५ ते २००२ या काळात स्वयंसेवकांनी गावोगाव हिंडून अशा सुमारे २०,००० युद्धकालीन जागांची नोंद केली.

मॉन्ट्रियलने रणगाडे अडविले नाहीत, घडविले. कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेच्या अँगस कारखान्यात १९४३ पर्यंत १,४०० हून अधिक व्हॅलेंटाईन रणगाडे तयार झाले. बहुतेक सर्व रशियाला गेले. त्यांतील एक जानेवारी १९४४ मध्ये युक्रेनमध्ये नदीचे बर्फ फुटून बुडाला. ठोकळ्यांचे काम तिथे नदीनेच केले! १९९० साली तो वर निघाला, कॅनडाला भेट मिळाला आणि आज ओटावाच्या युद्ध संग्रहालयात आहे.

अँगस कारखाना १९९२ मध्ये बंद पडला. तिथे आता वस्ती आहे. इंजिनशाळेच्या जुन्या भिंती मात्र राखल्या आहेत.

वाचकहो, आपल्या बेटावरील कित्येक घरांची मुले मॉन्ट्रियलला स्थायिक झाली आहेत. त्यांनी त्या भिंती जरूर पाहाव्यात. पण आम्हांला वाटते, भिंत राखली म्हणजे इतिहास राखला असे नव्हे. आपल्याकडेही साखर कारखान्यांची धुराडी उभी आहेत. आप्रवासी घाटाला २००६ साली जागतिक वारशाचा मान मिळाला. त्या धुराड्यांखाली आपले कोण राबले, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून वहीत लिहून ठेवावे. रणगाडा नदीने शेहेचाळीस वर्षे सांभाळला. माणसांच्या आठवणी कोणतीही नदी सांभाळत नाही.