डबा उघडण्याआधी वायर बघा

गेल्या श्रावणात भाच्याचा प्लेस्टेशन बंद पडला. खेळता खेळता लाईट गेली, आली, आणि त्यानंतर बटण दाबलं की नुसतं 'टिक्'. पोरगं रडकुंडीला आलं. एका दुकानात दाखवला, तर झाकण न उघडताच उत्तर मिळालं, "बोर्ड गेला, नऊ हजार." घरी परत आणला, एक्स्टेंशन बोर्ड बाजूला ठेवला आणि थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावला. सुरू! एक्स्टेंशन खोलून बघितलं तर आतली पितळी पट्टी जळून काळी पडलेली. चांगल्यातलं नवं एक्स्टेंशन आणलं. भाचा अजून त्याच डब्यावर खेळतोय.

म्हणून अष्टमीतल्या, आणि पुलापलीकडच्या रोह्यातल्याही, आईबापांना सांगणं आहे. गेम बंद पडला की आधी डब्याला दोष देऊ नका. आपल्याकडे बिघाड बहुतेक वेळा बाहेरच असतो: विजेत, वायरीत, नाहीतर दमट हवेत.

विजेचंच बघा. वर भिऱ्याला १९२७ पासून टाटांच्या केंद्रात वीज तयार होते आणि तिथून सुटलेलं पाणी कुंडलिकेतून आपल्या पुलाखालून जातं. पाणी बारा महिने येतं, वीज मात्र जून लागला की लपाछपी खेळते. त्यात नुसती लाईट गेल्याने मशीनचं सहसा वाकडं होत नाही, फार तर चालू खेळाची नोंद बिघडते. खरा दगा लाईट परत येताना होतो, कारण त्या क्षणी व्होल्टेज वरखाली उड्या मारतं. म्हणून लाईट गेली की प्लग काढा आणि आल्यावर पाच-दहा मिनिटं थांबून लावा. विजांची भीती आषाढातल्या संततधारेपेक्षा मृगाच्या आधी आणि परतीच्या पावसात जास्त. तेव्हा बोर्डाचा प्लग काढून भागत नाही. इंटरनेटची वायर आणि डिशची वायरही काढायची, वीज त्या वाटेनेही घरात शिरते.

टीव्हीच्या मागे हात लावल्यावर झिणझिण्या येतात का? मग अर्थिंग नीट नाही. अशा घरात चालू टीव्हीला चालू गेमची एचडीएमआय वायर खोचली तर पोर्ट जळू शकतो. दोन्ही बंद करून, प्लग काढूनच वायर लावा आणि वायरमनला बोलवा. हे काम गेमसाठी नव्हे, माणसांसाठी करायचं आहे.

अमेरिकेतल्या नातेवाइकाने जुना गेम पाठवला असेल तर लावण्याआधी अडॅप्टरवरची बारीक अक्षरं वाचा. '१०० ते २४०' असेल तर बिनधास्त लावा. तिकडच्या जुन्या एक्सबॉक्स ३६० च्या अडॅप्टरला मात्र आपले २३० व्होल्ट सोसत नाहीत. आखातातून आलेल्या मशीनला सहसा ही अडचण येत नाही. तरी वाचायला काय जातं?

आता गरमीचं. हॉलच्या शोकेसमध्ये काचेआड गेम ठेवायचा, वर भरतकामाचा रुमाल घालायचा, ही आपली हौस. बिचाऱ्याचा पंखा मग घरघरतो आणि थोड्या वेळाने मशीन आपोआप बंद होतं. चारही बाजूंनी वीतभर जागा सोडा. जाळीतली धूळ मऊ ब्रशने काढा. ब्लोअर मारायचा असेल तर आतला पंखा काडीने अडवून धरा, नाहीतर गरगर फिरून तो बाद होतो. आणि झुरळं! आत ऊब असते, पावसाळ्यात त्यांना यापेक्षा चांगलं घर मिळत नाही. मशीनजवळ बसून खायची सवय मोडा, हे मी भाच्याला शंभरदा सांगितलंय.

डिस्कवर बुरशी धरली तर मऊ कापडाने मधून कडेकडे पुसा, गोल गोल नको. जुना कॅसेटवाला टीव्ही गेम अजून असेल तर कॅसेटमध्ये फुंकर मारू नका. आपण सगळ्यांनी लहानपणी मारली. पण चालायचं ते काढून परत बसवल्यामुळे. फुंकरीतल्या ओलीने पिना गंजतात.

पडद्यावर 'नो सिग्नल' दिसलं तर आधी टीव्हीच्या रिमोटचं सोर्स बटण दाबा. हसू नका, निम्मी भांडणं इथेच मिटतात. मग दुसरी वायर, दुसरा पोर्ट. तरी नाही, तर प्लेस्टेशन ४ किंवा ५ पूर्ण बंद करा आणि पॉवरचं बटण दाबून धरा. पहिली 'टूक' ऐकून सोडू नका, सातेक सेकंदांनी दुसरी येते तेव्हा सोडा. यादी उघडते. तिथे गेमचा रिमोट वायरनेच जोडावा लागतो, आणि इथेच लोक अडकतात: मोबाईलच्या काही स्वस्त वायरी नुसत्या चार्जिंगच्या असतात, त्या रिमोट चार्ज करतात पण जोडत नाहीत. वायर बदलून बघा. यादीतला दुसरा पर्याय चित्राचा, 'नो सिग्नल'साठी तोच निवडा. पाचवा आतली नोंदवही नव्याने लावतो, खेळ पुसत नाही. सहावा आणि सातवा सगळं पुसतात. पोरांना त्यांच्या वाटेला जाऊ देऊ नका.

गेमचा रिमोट नुसताच रुसला असेल तर त्याच्या पाठीवरचं बारीक भोक शोधा. मशीन बंद करून त्यात पिन घालून पाच सेकंद दाबा, मग वायरने जोडा. रिमोटची काडी न हलवताही खेळातलं चित्र आपोआप एका बाजूला सरकत असेल तर ती झिजलीय, ते काम कारागिराचं. बॅटरी फुगली असेल तर टोचू नका, चार्जिंगलाही लावू नका.

झाकण मात्र घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये करंट शिल्लक राहतो, आणि प्लेस्टेशन ५ मध्ये चिपवर पातळ धातू असतो, तो सांडला तर बोर्ड खरोखरच जाईल. दुकानात द्यायची वेळ आलीच तर पोरांचे जतन केलेले खेळ आधी दुसरीकडे काढून घ्या, मशीनवरचा नंबर लिहून ठेवा, आणि बदललेला जुना भाग परत मागा. तो दाखवायला जो कां कू करेल, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका.