रेणू नेमका कुठे तुटला?

चेन्नईच्या नुंगंबाक्कम भागात, हवामान खात्याच्या प्रादेशिक केंद्राच्या आवारात ग्रॅनाइटचा एक जुना खांब उभा आहे. १७९२ साली बांधलेल्या मद्रास वेधशाळेचे उपकरण हलू नये म्हणून ते या खांबावर बसवले होते. याच वेधशाळेचे नॉर्मन पॉगसन १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी वर्णपटदर्शक घेऊन मछलीपट्टणमला गेले. द्रव्याकडून येणारा प्रकाश वाचून द्रव्य ओळखणे, हे तेव्हाचे नवे शास्त्र होते. आज प्रकाशाकडून आणखी एक काम करून घेतले जाते. प्रकाशाने रेणू तोडायचा आणि तुकड्यांवरून तो ओळखायचा.

प्रथिनांवरून रोगनिदान करण्याच्या बातम्या आता नित्याच्या झाल्या आहेत. त्यांच्या मुळाशी बहुधा मास स्पेक्ट्रोमीटर असतो. प्रथिनाचे छोटे तुकडे, म्हणजे पेप्टाइड, विद्युतभारित करून निर्वातात आणतात आणि विरळ वायूच्या अणुरेणूंवर आदळवतात. धक्क्याची ऊर्जा कंपनांच्या रूपाने साऱ्या रेणूभर पसरते आणि जो बंध कच्चा, तो आधी तुटतो. सेरीनला जोडलेला फॉस्फेट गट पुष्कळदा असाच गळून पडतो. तो साखळीत नेमका कुठे होता, हे मग सांगणे कठीण होते. ल्युसीन आणि आयसोल्युसीन यांचे वस्तुमान तर तंतोतंत सारखे. केवळ मुख्य साखळी तोडून त्यांच्यातील भेद कळत नाही.

अतिनील प्रकाशाची रीत वेगळी आहे. १९३ नॅनोमीटर तरंगलांबीच्या एका फोटॉनमध्ये सुमारे ६.४ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा असते, आणि साखळीतील पेप्टाइड गट स्वतःच ती शोषतात. ऊर्जा रेणूभर पसरण्याआधीच बंध तुटू शकतो. अल्फा कार्बन आणि कार्बोनिल कार्बन यांना जोडणारा, आघाताने सहसा थेट न तुटणारा बंधही येथे तुटतो. १५७ नॅनोमीटरच्या प्रकाशाने पार्श्वशाखाही तुटतात. ल्युसीनची शाखा तुटताना ४३ डाल्टनचा तुकडा निघतो, आयसोल्युसीनची तुटताना २९ डाल्टनचा. जुळ्यांची ओळख पटते ती अशी.

याच अल्फा कार्बन आणि कार्बोनिल कार्बनमधील बंधाभोवती साखळी किती वळू शकते, याचे गणित १९६३ साली याच शहरात, मद्रास विद्यापीठात, जी. एन. रामचंद्रन, सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन यांनी मांडले. रामचंद्रन आलेखातील ‘साय’ हा कोन त्याच बंधाचा. आलेख विद्यार्थ्यांना पाठ असतो. तोच बंध प्रकाशाने का तुटतो, हे मात्र वर्गात क्वचितच विचारले जाते.

ही पद्धत सर्वगुणसंपन्न नाही. लेझरचा खर्च मोठा असतो. तुकडे अनेक प्रकारचे होतात, त्यामुळे प्रत्येकाचा संकेत क्षीण होतो. शोषलेल्या ऊर्जेचा काही भाग अखेर कंपनांतच मुरतो. पण म्हणूनच हा विषय केवळ यंत्रखरेदीचा नाही, तो भौतिकशास्त्राचा आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील ई. कृष्णकुमार, वैभव प्रभुदेसाई आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवले की, इलेक्ट्रॉनची ऊर्जा बदलली की हायड्रोजनचा ऋण आयन रेणूच्या वेगळ्या गटातून सुटतो. तेथे साधन प्रकाश नव्हते, इलेक्ट्रॉन होते. प्रश्न मात्र हाच होता, की रेणू कुठे तुटावा हे आपल्याला ठरवता येईल का?

आपल्याकडील विद्यार्थ्याला बहुधा संगणकाने छापलेली प्रथिनांची यादी तेवढी मिळते. त्या यादीतील चूक ओळखण्याची नजर त्याला कोणी देत नाही. उपाय फार खर्चिक नाही. एकाच पेप्टाइडचे दोन कच्चे वर्णपट, एक आघाताचा आणि एक अतिनील प्रकाशाचा, एम.एस्सी.च्या वर्गात समोर ठेवावेत. साखळी कुठे तुटली, हे विद्यार्थ्यांनी कागद-पेन्सिल घेऊन स्वतः शोधावे. यादी त्यानंतर दाखवावी.