पहिली घोरपड

घोरपड म्हटली की आपल्याला सिंहगड आठवतो. तानाजीच्या माणसांनी घोरपडीला दोर बांधून कडा सर केला, ही आख्यायिका आपण प्राथमिक शाळेपासून ऐकत आलो. पाच-सात किलोचे जनावर मावळ्याचे ओझे कसे पेलणार, असे गुरुजींना विचारण्याची आमच्या वर्गात कोणाची छाती नव्हती. असो. सांगायचे आहे ते दुसऱ्याच घोरपडींविषयी.

घोरपडीच्या कुळाला इंग्रजीत मॉनिटर म्हणतात. (वर्गातल्या मॉनिटरशी संबंध नाही, जरी दोघेही फिस्कारतात.) अमेरिका-युरोपात हे मॉनिटर घरात पाळण्याचा छंद आहे. आमच्या वसतिगृहातही त्याचे व्हिडिओ रात्री उशिरापर्यंत चालू असतात, आणि 'पहिली घोरपड कोणती घ्यावी' यावर चहाच्या टपरीवर तावातावाने चर्चा होते. त्या चर्चेत माझे मत कोणी विचारले नाही, म्हणून येथे लिहितो.

तिकडचा नवशिका बहुधा सॅव्हाना मॉनिटर घेतो. कारण सरळ आहे. तो स्वस्त मिळतो आणि पिल्लू तळहातावर मावते. ही पिल्ले मुख्यतः घाना, टोगो, बेनिन या पश्चिम आफ्रिकेतील देशांतून येतात. त्यातली कितीतरी रानातून पकडलेली, किंवा रानातून धरून आणलेल्या गाभण मादीच्या अंड्यांतून निघालेली असतात. दुकानात वीतभर दिसणारे हे पिल्लू वाढून तीन-चार फुटांचे होते. नावात 'सॅव्हाना' आहे म्हणून घेणारा त्याला कोरड्या वाळूवर ठेवतो. प्रत्यक्षात ते जमिनीत ओलसर बीळ करून राहणारे जनावर आहे. डॅनियल बेनेट या अभ्यासकाने घानातील शेतशिवारात त्यांचा मागोवा घेतला, तेव्हा त्यांचे खाणे मुख्यतः टोळ, नाकतोडे, पैसा, विंचू असल्याचे दिसले. आपला हौशी माणूस मात्र सोय म्हणून उंदरांवर उंदीर चारतो. मग अंगावर चरबी चढते, कोरडेपणाने मूत्रपिंडे निकामी होतात, आणि 'फार शांत आहे हो' म्हणून ज्याचे कौतुक चालले होते ते जनावर खरे तर मरत असते.

जाणते लोक नवशिक्याला ऑस्ट्रेलियातील अ‍ॅकी सुचवतात. हा काटेरी शेपटीचा, खडकांच्या फटींत राहणारा मॉनिटर दोन-सव्वादोन फुटांवर थांबतो. ऑस्ट्रेलियाने आपल्या वन्य प्राण्यांची व्यापारी निर्यात कित्येक वर्षांपूर्वीच बंद केली, त्यामुळे बाहेरच्या देशांत मिळणारी अ‍ॅकीची पिल्ले बहुधा माणसाच्या हाताखाली जन्मलेली असतात. किंमत जास्त पडते. माझ्या मते नवशिक्याने तीच मोजावी आणि न परवडल्यास गप्प बसावे. स्वस्त पिल्लाचा उरलेला पैसा त्या पिल्लानेच भरलेला असतो.

आणि 'लहान' म्हणजे किती लहान? अ‍ॅकीलाही निदान चार फूट लांब, दोन फूट रुंद पेटी, उकरायला फूटभर माती आणि ऊन खायला दिव्याखाली पन्नास-साठ अंश सेल्सिअस तापलेला दगड लागतो. तो दिवा रोज दहा-बारा तास जळायला हवा, तोही दहा-पंधरा वर्षे. आमच्या खोलीत तीन खाटा आहेत आणि दोन खाटांमधून आडवे होऊन जावे लागते. गावी आठवड्यातून काही दिवस शेतीची वीज रात्रीच येते. वडील विजेच्या वेळा पाहून पाणी द्यायला उठतात. तिथे दगड तापवायला दिवा लावतो म्हटले तर ते माझ्याकडे कसे पाहतील, हे मला पुरते ठाऊक आहे.

मग काही मित्रांनी सोपी वाट काढली. मी खेड्यातला, तेव्हा 'तुमच्या रानातून एक पिल्लू आण.' या मंडळींना वाटते, गावची घोरपड म्हणजे गावची चिंच. आपली घोरपड 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीला. 2022 च्या दुरुस्तीनंतर त्या अनुसूचीतील प्राण्याच्या गुन्ह्याला किमान तीन आणि कमाल सात वर्षे कैद, शिवाय किमान 25,000 रुपये दंड आहे. परदेशी मॉनिटर ठेवणाऱ्यालाही आता सरकारदरबारी नोंदणी करावी लागते.

पण कायद्यापेक्षा मला दुसरे खुपते. आमच्याकडे मटणासाठी, सांधेदुखीवरच्या तेलासाठी अजून चोरून घोरपड मारणारे आहेत. तिच्या नराचे वाळवलेले जननेंद्रिय 'हातजोडी' नावाची मुळी म्हणून विकले जाते आणि शिकलेसवरले लोक ते तिजोरीत ठेवतात. हे सगळे वाईटच. पण मारणारा सापडला की 'हे अडाणी लोक' असे आपण वर्गात म्हणतो, आणि तीच घोरपड काचेच्या पेटीत कोंडली की तो 'छंद' होतो. रानातली एक घोरपड तर दोन्हीकडे कमीच झाली. माझ्या वस्तीवरच्या माणसाला मी 'मारू नकोस' कोणत्या तोंडाने सांगू, जर मीच पिशवीत पिल्लू घालून एस.टी.त बसलो?

ज्याच्याकडे जागा, पैसा, पंधरा वर्षांचा धीर आणि कागदपत्रे आहेत, त्याने खुशाल अ‍ॅकी पाळावी. बाकीच्यांसाठी बांध आहेत. पावसाने उघडीप दिली की सकाळी नऊ-दहाच्या सुमारास वारुळाजवळ किंवा जुन्या विहिरीच्या कठड्यावर ती ऊन खात पसरते. पंधरा पावलांवर थांबावे, सावली तिच्यावर पडू देऊ नये. अंग तापले की ती जीभ काढत पालापाचोळा उकरू लागते, आणि त्यानंतर अर्धा तास तरी तिला आपल्याकडे पाहायला सवड नसते.