उत्तर बरोबर, तरी गुण कमी का?

सहामाही परीक्षेनंतर एक पालक आमच्या भेटीस आले. त्यांच्या चिरंजिवांनी संगणकाच्या प्रात्यक्षिकात लिहिलेला प्रोग्राम न अडखळता चालला, पडद्यावरील उत्तरही बरोबर आले. असे असता २० पैकी ५ गुण आम्ही कापले, हे त्यांस अन्यायाचे वाटले. तक्रार सभ्यपणे केलेली होती, व ती सर्वस्वी गैरवाजवी होती असेही आम्हांस म्हणवत नाही. इतर पालकांच्या मनातही हीच शंका असेल, सबब तिचे उत्तर येथे देण्याचे योजिले आहे.

प्रश्न असा होता की, एका विद्यार्थ्याचे विषयवार गुण व त्यांची बेरीज सांभाळणारा क्लास सी प्लस प्लस भाषेत लिहावा. (येथे क्लास म्हणजे इयत्ता नव्हे. माहिती व तिच्यावर काम करणारी फंक्शने ज्या एका साच्यात एकत्र बांधितात तो क्लास, आणि त्या साच्यातून घडलेला एकेक नग तो ऑब्जेक्ट.) या विद्यार्थ्याने गुण व बेरीज दोन्ही पब्लिक ठेविली, म्हणजे प्रोग्रामच्या कोणत्याही भागास त्यांत हात घालण्याची मोकळीक दिली. पुढे क्लासच्या बाहेर, गणितात ३२ गुण मिळालेल्यास ग्रेसचे ३ गुण देणारी ओळ लिहिली. ३२ चे ३५ झाले. बेरजेतही ३ मिळविण्याची त्यास आठवण राहिली, म्हणून उत्तर बरोबर आले. परंतु ते बरोबर आले ते केवळ आठवणीच्या जोरावर! उद्या फेरतपासणीचा भाग दुसऱ्या कोणी त्यास जोडिला आणि त्यास ही आठवण राहिली नाही, तर गुणपत्रकात गणिताचे गुण नवे व बेरीज जुनी असा प्रकार होईल. कंपायलर त्याविषयी चकार शब्द काढणार नाही, आणि ज्या मुलाचे ते गुणपत्रक, त्याचे नुकसान मात्र खरे होईल.

तीच माहिती प्रायव्हेट ठेविली असती तर? बाहेरील कोणत्याही ओळीने बेरजेचे नाव घेताच कंपायलर प्रोग्राम तयार करण्याचेच नाकारितो. गुण बदलावयाचे तर क्लासने देऊ केलेल्या फंक्शनास विनंती करावी लागते. ते फंक्शन आकडा ० ते १०० यांच्या दरम्यान आहे की नाही हे पाहते, आणि गुणांबरोबर बेरीजही बदलते. पुढे कधी बेरीज चुकलीच, तर दोष शोधण्यास हजार ओळी चाळाव्या लागत नाहीत. क्लासमधील दहावीस ओळी पाहिल्या की पुरे.

प्रायव्हेट या शब्दाने पुष्कळांचा असा समज होतो की ही गुप्ततेची सोय आहे. तसे नाही. हे चोराविरुद्ध लाविलेले कुलूप नव्हे. सी प्लस प्लसमध्ये पॉइंटरच्या युक्तीने व जावामध्ये रिफ्लेक्शनच्या साहाय्याने हा पडदा ओलांडता येतो. इतकेच नव्हे, तर या दोन्ही भाषांत एक ऑब्जेक्ट त्याच क्लासच्या दुसऱ्या ऑब्जेक्टची प्रायव्हेट माहिती खुशाल वाचू शकतो. हा प्रश्न कारभारीपणाचा आहे. ज्याच्या स्वाधीन वस्तू केली त्याजकडूनच तिचा हिशेब घ्यावयाचा असेल, तर इतरांचे हात तिजपासून दूर ठेविले पाहिजेत.

ही गोष्ट थोरांच्याही एकदम ध्यानी आली नव्हती. क्लासची कल्पना ज्या सिम्युला ६७ भाषेत प्रथम आली, ती नॉर्वेतील ओले-योहान दाल व क्रिस्टन निगार्ड यांनी रचिली. परंतु मूळ भाषेत आतील माहिती झाकण्याची सोय नव्हती, ती मागाहून घालण्यात आली. १९७२ साली डेव्हिड पार्नास यांनी असे प्रतिपादन केले की, जो निर्णय पुढे बदलण्याचा संभव आहे तो प्रोग्रामच्या एकाच भागात झाकून ठेवावा. तसे न केल्यास काय होते याचा धडा इसवी सन २००० च्या सुमारास जगास मिळाला. वर्ष दोनच अंकांत लिहिण्याची जुनी रीत असंख्य प्रोग्रामांत ठिकठिकाणी गृहीत धरिलेली होती. ती बदलावयाची म्हणजे प्रत्येक ठिकाण हुडकून काढणे आले, आणि या कामी अपार द्रव्य व श्रम खर्ची पडले.

आता आमच्या पदरचा दोष. कित्येक वर्षे आम्ही वर्गात असे सांगत आलो की, माहिती प्रायव्हेट करावी आणि प्रत्येक माहितीस एक वाचणारे व एक बदलणारे फंक्शन लिहावे. विद्यार्थी ते मुकाट्याने उतरवून घेत. परिणामी बेरीजसुद्धा बाहेरून हवी ती बसविता येईल असे फंक्शन कित्येकांच्या वहीत सापडते! दार बंद करून किल्ली दारालाच लटकवून ठेवण्यासारखे हे झाले. बेरीज बाहेरच्यांनी वाचावी. ती बसविण्याचे फंक्शन मुळी असूच नये. अशा उत्तरांस आम्ही आजवर पूर्ण गुण दिले, आणि या विद्यार्थ्याचे मात्र कापले. ही विसंगती आम्हांस मान्य आहे.

एक चुणचुणीत विद्यार्थिनी विचारते की, पायथन भाषेत तर असा निर्बंधच नाही, मग आम्हांवर का? पायथनमध्ये नावापूर्वी एक अधोरेखा घालितात, व 'हे आतले आहे, यास बाहेरून शिवू नये' एवढाच तिचा अर्थ. पाळणे न पाळणे लिहिणाऱ्याच्या सद्बुद्धीवर सोपविलेले असते. अनुभवी मंडळींत हा संकेत उत्तम चालतो. ज्यास मर्यादा कोठे असते हेच अद्याप कळलेले नाही, त्याने आरंभी कंपायलरचा नकार ऐकावा, असे आमचे मत आहे.

त्या विद्यार्थ्याचे ५ गुण आम्ही परत दिलेले नाहीत. मात्र पुढील सत्रापासून प्रात्यक्षिकाचा प्रश्न दोन भागांत विचारू. पहिल्या भागात क्लास लिहावयाचा. दुसऱ्यात साठविलेली बेरीज काढून टाकून ती मागणीसरशी मोजण्याची व्यवस्था करावयाची, आणि क्लासबाहेरील एकही ओळ बदलावयाची नाही. पालकांनी त्या दिवशी प्रयोगशाळेत अवश्य यावे.