अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा डोळा: नुसती वाढ पुरेशी नाही

पूर्ण दिवसांच्या नवजात बाळाच्या नेत्रगोलाची पुढून मागे लांबी सुमारे १७ मिलिमीटर असते. प्रौढपणी ती २३ ते २४ मिलिमीटर होते. अपुऱ्या दिवसांच्या बाळात ती आणखी कमी भरते. ए-स्कॅन सोनोग्राफीने हे मोजता येते. ‘डोळा वाढला की सारे आपोआप ठीक होते’ हे मागील अंकातील पत्रलेखकाचे विधान मात्र अर्धेच खरे आहे.

अशा मुलांना पुढे लागणारा उणे नंबर नेहमी लांबट डोळ्यामुळे नसतो. अनेकदा नेत्रगोल आखूडच राहतो. पण पारपटलाची वक्रता अधिक आणि भिंग जाड असल्याने प्रतिमा पडद्याच्या अलीकडे पडते.

खरा धोका पडद्याला, म्हणजे दृष्टिपटलाला असतो. त्याच्या रक्तवाहिन्या गर्भाच्या १६व्या आठवड्याच्या सुमारास वाढू लागतात आणि कानाकडच्या कडेला ४०व्या आठवड्याच्या आसपास पोहोचतात. बाळ लवकर जन्मले, त्यात प्राणवायू जास्त मिळाला, की ही वाढ खुंटते. नंतर रक्तपुरवठा नसलेल्या भागातून वाढीचे संकेत सुटतात, नाजूक व अनियमित वाहिन्या उगवतात आणि पडदा ओढला जाऊन सुटू शकतो. हाच आर.ओ.पी. (रेटिनोपॅथी ऑफ प्रिमॅच्युरिटी).

बाहेरून डोळा निरोगी दिसतो, मोजमापातही हा आजार कळत नाही. म्हणून भारतात ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा २ किलोहून कमी वजनाच्या बाळाची पडदा-तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत, फारच लहान बाळाची त्याहून आधी करावी, असे मार्गदर्शक तत्त्व आहे. वेळेवर लेसर किंवा इंजेक्शन दिल्यास बहुतेकांची दृष्टी वाचते. चष्म्याच्या नंबरासाठी तपासणी पुढेही चालू ठेवावी लागते.

— एक वाचक